काढलेली दाढ काचेसारखी करून आतले कॅनाल वाचायचे कसे

वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं आणि तीन कॅनाल (मुळातल्या, नस असलेल्या बारीक नळ्या), हे डेंटलच्या पहिल्या वर्षाला पाठ होतं. प्रत्यक्ष आरसीटी (रूट कॅनाल ट्रीटमेंट) करताना चौथा कॅनाल राहून जातो आणि काही महिन्यांनी तीच दाढ ‘चावलं की दुखतं’ म्हणत परत येते. एक्स-रे उघडून पाहिला तर तिन्ही कॅनाल व्यवस्थित भरलेले दिसतात. चौथा दिसत नाही, कारण गालाकडून टाळूकडे एकामागे एक असलेल्या दोन गोष्टी एक्स-रेमध्ये एकावर एक पडतात.

यावर जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे काढलेल्या दातातला चुना (कॅल्शियमची खनिजं) उतरवून तो पारदर्शक करायचा आणि कॅनालमध्ये शाई भरून तो हातात फिरवून बघायचा. व्हर्टुची यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेलं काम याच पद्धतीचं. त्यांनी २४०० दात पारदर्शक करून कॅनालचे आठ प्रकार पाडले, आणि आजही परीक्षेत तेच विचारतात. मायक्रो-सीटी (अतिसूक्ष्म त्रिमिती स्कॅन) आल्यापासून संशोधनात ही पद्धत मागे पडली, पण शिकण्यासाठी तिला तोड नाही. इंदुरात हे करायचं तर बहुतेक सामान एम. वाय. हॉस्पिटलजवळच्या दवा बाजारात मिळतं. खरी गरज आठवडाभर चिकाटी धरण्याची आहे.

दात कुठले घ्यायचे

मूळ टोकापर्यंत पूर्ण वाढलेलं आणि अखंड हवं, आणि आधी आरसीटी झालेली नसावी. दात घेताना पेशंटला विचारून, विभागाच्या रीतसर परवानगीनंच घ्या. काढलेला दात हा जैववैद्यकीय कचरा असतो, खिशात घालून घरी न्यायची वस्तू नव्हे. हे काम कॉलेजच्या लॅबमध्येच करावं.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो बरणीत साठवलेल्या दातांच्या ढिगातून दात उचलल्यानं. सुटी पडलेली वरची दाढ पहिली की दुसरी, हे अनुभवी माणसालाही कधीकधी खात्रीनं सांगता येत नाही. शिवाय पहिल्या-दुसऱ्यात कॅनालचा फरक मोठा आहे. म्हणून दात निघाल्याबरोबर त्याचा नंबर, पेशंटचं वय आणि स्त्री की पुरुष एवढं लिहून ठेवा. नाव नको. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहा आणि दाताबरोबर बाटलीतच टाका. ग्राफाइटला आम्ल, अल्कोहोल, तेल यांतलं काहीच पुसत नाही. बॉलपेनचं अक्षर अल्कोहोलमध्ये पहिल्याच रात्री विरघळतं, मग सहा बाटल्या, सहा दाढा आणि कोणती कुणाची ते देव जाणे.

निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात), १२१ अंशांवर ४० मिनिटं. चांदी भरलेला दात मात्र ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, त्या चांदीतल्या पाऱ्याची वाफ होते. असा दात या कामाला घेऊच नये. फॉर्मलिनमध्ये ठेवलेला दातही टाळा. फॉर्मलिननं आतला पल्प (नस) घट्ट होतो, मग पुढे वापरायच्या हायपोक्लोराइटच्या द्रावणात तो लवकर विरघळत नाही आणि शाईची वाट अडते.

आम्लात टाकण्याआधी

आम्लात मुकुटावरचं इनॅमल (बाहेरचा कडक थर) सगळंच्या सगळं नाहीसं होतं, कारण त्यात सुमारे ९६ टक्के खनिजच असतं. खाली उरतो तो डेंटिनचा, म्हणजे इनॅमलखालच्या थराचा, बोथट गाभा. कंगोरे गेले की गालाची बाजू कोणती आणि टाळूची कोणती हे कळेनासं होतं. त्यामुळे आधीच पाचही बाजूंनी फोटो काढा, दोन एक्स-रे काढा (एक गालाकडून, एक बाजूनं), आणि गालाकडच्या बाजूला मानेच्या (मुकुट आणि मूळ मिळतात त्या जागेच्या) जरा खाली लहान राउंड बरनं, म्हणजे गोल टोकाच्या ड्रिलनं, अर्धा मिलिमीटरचा खळगा पाडा. ही खूण शेवटपर्यंत टिकते.

मग स्केलरनं टार्टर काढा आणि दात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवा, म्हणजे मुळावरचे चिकटलेले धागे सुटतील. त्यानंतर वरून ॲक्सेस करा, म्हणजे मुकुटातून चेंबरपर्यंत (आतल्या पल्पच्या पोकळीपर्यंत) वाट पाडा. चेंबरचं छत काढा, पण तळाला बर लावू नका. पुढे तोंडात काम करताना हाच तळ नकाशासारखा वाचायचा आहे. चेंबरमध्ये ताजं हायपोक्लोराइट भरून दात चोवीस तास त्यातच बुडवून ठेवा, मधे दोन-तीनदा बदला. अल्ट्रासोनिक बाथ असेल तर दहा मिनिटं त्यात धरा, बारीक कोपऱ्यातला पल्पही निघून येतो. फाइल (कॅनाल घासायची बारीक सुई) घालायचा मोह आवरा. आठ नंबरची फाइलसुद्धा कॅनालचा मूळ आकार बदलते आणि भुसा बारीक फाट्यांत ढकलते.

यानंतर वाहत्या पाण्यात भरपूर धुवा. हे धुणं ढिसाळपणे करू नका, कारण हायपोक्लोराइटचा अंश राहिला आणि त्यावर आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. धुतलेला दात रात्रभर सुकू द्या.

शाई

ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई घ्या, जिच्यात काजळीचे कण असतात. फाउंटन पेनची शाई चालत नाही. तिचा रंग आम्लात उडतो आणि उरलासुरला अल्कोहोलात धुऊन जातो.

शाई नुसती वरून सोडली तर कॅनालच्या मध्यापर्यंत जाऊन थांबते, कारण खाली हवा अडकलेली असते. ती टोकाकडून ओढावी लागते. ड्रॉपरच्या रबरी टोपीला भोक पाडा, त्यातून मुळाचा खालचा तिसरा हिस्सा आत सरकवा आणि फट राहिली असेल तर स्टिकी वॅक्सनं बुजवा. टोपी नळीनं खुर्चीच्या सक्शनला जोडा, पण मधे एक रिकामी बाटली ट्रॅप म्हणून ठेवा, नाहीतर सक्शनची लाइन काळी होईल आणि बोलणी खावी लागतील. आता २७ गेजच्या सुईनं चेंबरमध्ये शाईचे थेंब सोडत राहा. टोकाशी काळा ठिपका उमटला की थांबा. दाढेला तीन मुळं असतील तर तिन्ही टोकं आत हवीत. मुळं फार फाकलेली असतील तर एकेक करून ओढा.

दात चोवीस तास उभा सुकवा. बाहेर लागलेली शाई अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसून घ्या.

चुना उतरवणं

हवंय ५ टक्के नायट्रिक आम्ल. ९५ मि.ली. डिस्टिल्ड पाण्यात ५ मि.ली. तीव्र आम्ल हळूहळू ओता. पाणी आम्लात कधीच ओतायचं नाही. चष्मा आणि हातमोजे घाला. कातडीवर थेंब पडला तर पिवळा डाग पडतो आणि कातडी निघेपर्यंत जात नाही. भांडं काचेचं घ्या, झाकण धातूचं नको, आणि ते घट्ट लावू नका, कारण दातातल्या कार्बोनेटमुळे वायूचे बुडबुडे येत राहतात.

एका दाढेला सुमारे २५ मि.ली. आम्ल, आणि रोज नवं. एवढं आम्ल पहिल्याच दिवशी जवळजवळ संपतं. ते बदललं नाही तर दात नुसता पाण्यात पडल्यासारखा होतो आणि काम पुढे सरकत नाही. साधारण तापमानाला तीन दिवस लागतात. इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपलीकडे असताना, दुसऱ्या दिवसापासूनच तपासत जा. डिसेंबरात चार-पाच दिवस धरून चला.

झालं की नाही हे ओळखायला बारीक सुई मुकुटाच्या जाड भागात टोचा, मुळात नको. रबरात जावी तशी सहज गेली तर झालं. सगळ्यात खात्रीचं म्हणजे एक्स-रे. त्यात दात जवळजवळ दिसेनासा व्हायला हवा. आत ढगासारखा पांढरा पट्टा उरला असेल तर एक दिवस आणखी. उलट जास्त दिवस राहिला तर मूळ लिबलिबीत होतं, पिवळं पडतं आणि टोक चिमट्यात तुटून हातात येतं. खालच्या पटाशीच्या दातांत हे पटकन होतं. त्यांना दाढांच्या बाटलीत टाकू नका.

आता पुन्हा धुणं, निदान चार तास. नळ चार तास सोडून ठेवायची ऐश, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या शहरात, कुणी करू नये. वाडग्यात पाणी दर अर्ध्या तासाला बदललं तरी तेच काम होतं. शेवटच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवून बघा, ताज्या पाण्याइतकाच रंग आला पाहिजे. पुढची पायरी अल्कोहोलची आहे आणि नायट्रिक आम्ल व अल्कोहोल यांची गाठ पडणं धोक्याचं असतं.

पाणी काढणं, मग तेल

८० टक्के अल्कोहोलात रात्रभर, ९० टक्क्यांत एक तास, मग १०० टक्क्यांत एकेक तास तीनदा, दर वेळी नवं. इथिल अल्कोहोलला अबकारी परवान्याची भानगड असते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनंही काम होतं. पावसाळ्यात १०० टक्क्यांची बाटली उघडी राहिली की ती हवेतली ओल ओढते आणि १०० टक्के फक्त लेबलवर उरतात.

शेवटी दात मिथाइल सॅलिसिलेटमध्ये सोडा. हे विंटरग्रीनचं तेल. बाटली उघडली की कंबरदुखीच्या मलमाचा वास येतो, कारण त्या मलमात हेच असतं. तेलाचा अपवर्तनांक १.५४ च्या आसपास आहे आणि चुना गेलेल्या डेंटिनचा त्याच्या जवळपास. त्यामुळे प्रकाश मधे कुठे न वळता आरपार जातो. पहिल्या तासातच कडा विरघळल्यासारख्या वाटतात, मग मुळाचा मधला भाग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत फिकट मधाच्या रंगाची दाढ आणि तिच्या आत काळ्या शाईची झाडासारखी आकृती दिसते.

तेलात टाकल्यावर दात दुधाळ झाला तर आत पाणी राहिलंय. परत १०० टक्के अल्कोहोलात दोन तास ठेवा, मग नवं तेल. पांढरा खडूसारखा डाग तसाच राहिला तर तो पाण्याचा नाही, चुन्याचा. तो आता निघणार नाही, सगळी उजळणी उलटीकडून करावी लागेल. बाटली काचेचीच हवी, काही प्लास्टिकं या तेलात मऊ होतात. हे तेल लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी जिवावर बेतू शकतं, तेव्हा बाटल्या कुलपात.

आता बघायचं कसं

मोबाइलचा पडदा पांढरा करून त्यासमोर बाटली धरा, भिंग घ्या आणि आधी बाजूनं बघा, म्हणजे जी दिशा एक्स-रे दाखवत नाही ती. वरपासून खाली आकडे म्हणत जा: चेंबरशी किती, मधे किती, टोकाशी किती. एकच कॅनाल सरळ गेला तर पहिला प्रकार. दोन निघून खाली एक झाले तर दुसरा. एक-दोन-एक म्हणजे तिसरा. ओंकारेश्वरला मांधाता बेटापाशी नर्मदेचे दोन प्रवाह होऊन पुढे मिळतात, तसा. दोन शेवटपर्यंत वेगळे तो चौथा, एक जाऊन खाली दोन फुटतात तो पाचवा. सहावा दोन-एक-दोन, सातवा एक-दोन-एक-दोन, आठवा तीन वेगळे.

इथे एक गफलत नेहमी होते. काढताना पकडीनं दाताला तडा गेला असेल तर त्यातही शाई शिरते. कॅनाल दोरीसारखा दिसतो, फिरवला तरी दोरीच. तडा पापडासारखा पातळ असतो, एका कोनातून रेघ आणि दुसऱ्यातून पडदा, आणि तो बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो.

यापेक्षा मोठी गफलत म्हणजे शाई दिसली नाही तर कॅनालच नाही असं धरून चालणं. व्हर्टुचींच्या दातांत वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या गालाकडच्या मुळात ४५ टक्क्यांमध्ये एकच कॅनाल, ३७ टक्क्यांत दोनाचे एक झालेले आणि १८ टक्क्यांत दोन वेगळे होते. नंतर ज्यांनी मुळाचे काप घेऊन किंवा मायक्रोस्कोपखाली पाहिलं त्यांना दुसरा कॅनाल याहून पुष्कळ जास्त दातांत सापडला. चुना धरून अरुंद झालेल्या कॅनालात शाई जातच नाही. म्हणून पारदर्शक दात ‘आहे’ सांगतो तेव्हा मान्य करा, ‘नाही’ सांगतो तेव्हा शंका ठेवा.

कोणत्या दातात काय शोधायचं

वरची पहिली दाढ सगळ्यात जास्त वेळ द्यावी अशी. पुढच्या गालाकडच्या मुळातला तो दुसरा कॅनाल, म्हणजेच राहून जाणारा चौथा, पहिल्यापासून टाळूकडे १ ते ३ मि.मी.वर असतो, पहिला आणि टाळूचा कॅनाल जोडणाऱ्या रेषेवर किंवा तिच्या जरा पुढे. त्याच्या तोंडावर (चेंबरच्या तळाशी तो जिथे उघडतो तिथे) डेंटिनची ओसरी आलेली असते. बाटलीतली दाढ बाजूनं धरली की दिसतं: कॅनाल तोंडाशी आधी पुढे झुकतो आणि मग खाली वळतो. त्यामुळे तोंडात फाइल सरळ खाली दाबली तर ती १-२ मि.मी. जाऊन अडते आणि ‘आत काहीच नाही’ असं वाटतं. अल्ट्रासोनिक टिपनं त्या ओसरीवर पुढच्या बाजूला थोडं थोडं खोदत, दर वेळी धुऊन बघत जायचं. दोन-तीन मि.मी.पर्यंत मिळालं नाही तर थांबावं. पुढे भोक पडतं. टाळूचं मूळही हातात फिरवून बघा, त्याचं टोक पुष्कळदा गालाकडे वळतं आणि एक्स-रेमध्ये ते वळण दिसतच नाही.

खालच्या पटाशीच्या दाताला लोक गृहीत धरतात. व्हर्टुचींच्या खालच्या मधल्या पटाशीच्या दातांपैकी ७० टक्क्यांत एक, २२ टक्क्यांत तिसरा प्रकार, ५ टक्क्यांत दुसरा आणि ३ टक्क्यांत शेवटपर्यंत दोन होते. राहून जातो तो जिभेकडचा. ॲक्सेस जिभेच्या उंचवट्याकडे, म्हणजे सिंग्युलमकडे, वाढवला नाही तर फाइल आपोआप ओठाकडच्या कॅनालात घसरते.

खालची पहिली उपदाढ फसवी. ७० टक्क्यांत एक कॅनाल, पण २४ टक्क्यांत पाचवा प्रकार, म्हणजे वर एक आणि खाली फाटा. एक्स-रेमध्ये ठळक काळी रेघ मधेच एकदम पुसट झाली तर तिथे फाटा समजा. जिभेकडचा फाटा जवळजवळ काटकोनात निघतो, तेव्हा दहा नंबरच्या फाइलचं टोक वाकवून जिभेकडच्या भिंतीवरून खाली सरकवत नेलं तरच सापडतो.

खालच्या पहिल्या दाढेत पुढच्या मुळात दोन कॅनाल धरूनच चालायचं. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत, इस्थमसमध्ये, शाई पडद्यासारखी पसरलेली दिसेल. फाइल तिथे कधीच पोचत नाही, तिथलं काम हायपोक्लोराइट आणि १७ टक्के ईडीटीए या चुना विरघळवणाऱ्या द्रावणाचं. मागच्या कॅनालचं तोंड बरोबर मधे नसून एका बाजूला असेल तर समोरच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर जोडीदार शोधा. वरच्या दाढा सोडल्या तर हा सममितीचा नियम चांगलाच पाळला जातो, आणि क्रासनर व रँको यांनी २००४ साली ५०० दात कापून तो नीट मांडला. तळाचा रंग भिंतींपेक्षा गडद असतो आणि तोंडं त्या गडद तळाच्या कडेलाच असतात, हेही त्यांचंच. कधी मागे जिभेच्या बाजूला तिसरं सुटं मूळ मिळतं, त्याला रॅडिक्स एंटोमोलॅरिस म्हणतात. पूर्व आशियाई लोकांत ते बरंच आढळतं, आपल्याकडे कमी. ते गालाकडे कोयत्यासारखं वळलेलं असतं, म्हणून सरळ एक्स-रेमध्ये आखूड आणि निरुपद्रवी वाटतं.

खालच्या दुसऱ्या दाढेची मुळं गालाकडून जुळलेली असतील तर आत इंग्रजी सी अक्षरासारखी सलग चीर असू शकते. असा दात मिळाला तर तो जपून ठेवा. वरून एकच चीर, मधे तीन कॅनाल आणि टोकाशी दोन, असे बदल एकाच मुळात दिसतात.

वरच्या उपदाढा, सुळे यांवर फार थांबायला नको. पहिल्या उपदाढेत दोन कॅनाल नेहमीचे, तीन क्वचित. वरच्या, मधल्या दाताशेजारच्या पटाशीच्या दातात टोकाचं मागे आणि टाळूकडे जाणारं वळण तेवढं लक्षात ठेवा.

बाटलीतलं खुर्चीपाशी आणायचं तर

आरसीटीच्या आधी एक एक्स-रे सरळ आणि एक नळी २० अंश पुढून घेऊन काढा. नळी ज्या बाजूला नेली त्या बाजूला सरकलेली वस्तू जिभेकडची किंवा टाळूची, उलट सरकलेली गालाकडची. पारदर्शक केलेल्या दाताचे सुरुवातीला काढलेले दोन एक्स-रे इथे कामाला येतात. बाटली आणि एक्स-रे शेजारी ठेवून, कोणत्या काळ्या रेघेमागे दोन कॅनाल लपले होते ते ओळखायचा सराव करा. एवढं करूनही चित्र जुळत नसेल तेव्हाच सीबीसीटी (त्रिमिती एक्स-रे स्कॅन), तोही त्या दोन-तीन दातांपुरता छोट्या क्षेत्राचा. सगळ्या जबड्याचा स्कॅन काढून रेडिएशन वाढतं आणि बारकावा कमी मिळतो.

वापरलेलं आम्ल बेसिनमध्ये तसंच ओतू नका. खाण्याचा सोडा चिमटीचिमटीनं टाकत राहा, फेस यायचा थांबला की भरपूर पाण्याबरोबर सोडा. अल्कोहोल आणि तेल गटारात नाही, लॅबच्या वेगळ्या डब्यात. फुटलेले, बिघडलेले दात पिवळ्या पिशवीत. चांगल्या बाटल्यांतलं तेल वर्षाकाठी पिवळं पडलं की बदला, आणि बदलताना पेन्सिलीची चिठ्ठी त्याच बाटलीत परत गेली ना, ते बघा.